चिंधी बांधलेली ओळ

मी अंगणवाडीत शिकवते, म्हणजे पोरांपेक्षा त्यांच्या आयांनाच जास्त शिकवते. पोराला भाजी कशी खायला लावायची, पुड्यातलं अरबट-चरबट कसं तोडायचं, मोबाईल समोर धरून घास का भरवायचा नाही, हे मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतून उठवलं तरी बोलेन. तोंड माझं पहिल्यापासून चांगलं आहे. सासूबाई म्हणायच्या, हिच्या माहेरानं भांडीकुंडी कमी दिली, तोंड मात्र भरपूर दिलं.

आमची वस्ती निरवांगीच्या शिवेला आहे. कॅनॉलचं पाणी आहे, विहीर आहे, ऊस थोडा आणि भाजीपाला जास्त. काकडी, दोडका, टोमॅटो. एक दिवसाआड माल तोडायचा, कॅरेट भरायचे, संध्याकाळी गाडी येते आणि पुण्याला घेऊन जाते. अशा घरात, जिथं दारात भाजीचे ढीग पडलेले, माझी एकुलती एक पोरगी भाजीला शिवत नव्हती. दुकानातून आणलेला पाच रुपयांचा पुडा आणि चहात बुडवलेली बिस्किटं, यावर ती जगत होती. पाचवं लागलं तेव्हा अंगणवाडीच्या काट्यावर तिला मीच उभं केलं आणि तक्त्यात ठिपका मीच दिला. तो पिवळ्या पट्ट्यात गेला, म्हणजे वजन कमी. ज्या आयांना मी दर महिन्याला ऐकवते, त्यांतली एक मागून म्हणाली, "बाई, तुमच्या पोरीचं किती भरलं वो?" सगळ्या हसल्या. मला इतका राग आला की त्या दिवशी मी खाऊ वाटताना कुणाशी धड बोलले नाही. राग पोरीचा नव्हता. आपली फजिती झाली याचा होता. हे तेव्हा मला कबूल करवलं नसतं, आता करते.

घरी येऊन मी विचार केला. आमच्या घरात जेवण असं नव्हतंच. नवरा विहिरीवरची मोटार चालू करून आला की गिळायचा, सासूबाई म्हशीची धार काढून झाल्यावर, मी सगळ्यात शेवटी ओट्याशी उभ्या उभ्या. पोरीला मोबाईल देऊन कोपऱ्यात बसवलेलं असायचं. माझं माहेर लोणी भापकर. आमच्याकडं पाण्याचा खडखडाट, पण संध्याकाळी आम्ही घरातली सहाही जणं एका परातीभोवती बसायचो. मटकीचं कालवण आणि भाकरी. आवडलं का, असं कुणी विचारत नव्हतं, कारण शेजारचा हात परातीत यायच्या आत आपला घास उचलायचा असायचा. तीच परात आता इथं आणायची असं मी ठरवलं.

संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम बसायचं. मोबाईल फळीवर. सासूबाईंना हे पटेना. मुलाच्या बरोबरीनं ताटावर बसायची त्यांना उभ्या जन्मात सवय नव्हती. पहिले आठ दिवस त्या भिंतीकडं तोंड करून जेवल्या. "तुजी अंगनवाडी तितंच ठेव," म्हणायच्या, "घरात आणू नगं." नवरा मात्र गुपचूप यायचा. तो मुळात कमी बोलणारा माणूस. माझ्यापुढं कोण बोलणार, असंही लोक म्हणतील.

पोरगी पंगतीला बसायची, पण खायची नाही. मग मला घरची ओळ सुचली.

भाजी पिकवणाऱ्या बहुतेक घरांत अशी एक ओळ असते. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याकडं विचित्र नजरेनं बघेल, म्हणून कुणी सांगत नाही. बाजाराच्या मालाला फवारणी करावी लागते, न केली तर माल उभा राहत नाही. पण त्यातलीच एक ओळ, घराच्या बाजूची, औषध न मारता सोडायची. ती घरच्यांनी खायची. आमच्यात त्या ओळीच्या पहिल्या काठीला सासूबाई जुन्या लुगड्याची चिंधी बांधत. चिंधी दिसली की फवारणाऱ्यानं पंप बंद करायचा. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. त्यात काही वावगं आहे असं मला लग्नानंतर दहा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

मी पोरीला हाताला धरून काकडीच्या त्या ओळीशी नेलं. म्हटलं, "ही ओळ आजपास्नं तुझी. संध्याकाळच्या जेवणाला काकडी तूच तोडून आणायचीस. चिंधी बांधलेली ओळ, दुसरीला हात लावायचा नाही." तिनं विचारलं, "का?" मी म्हटलं, "ती बाजाराची." तिला तेवढं पुरलं. मग मी एक कोवळी काकडी तोडली, तिच्या फ्रॉकला पुसली, कडकन दाताखाली मोडली आणि उरलेली तिच्या हातात दिली. "धुवायची नाही?" तिनं विचारलं. अंगणवाडीत तिला हात धुवा, फळं धुवा असं शिकवलं होतं, आणि शिकवणारी मीच होते. मी म्हटलं, "आपल्या ओळीची धुवायला लागत नाही."

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

पोरं मालकीला भुलतात. आपली ओळ, आपली काकडी. पंधरा दिवसांत ती काकडी खायला लागली, महिन्यात तिच्याबरोबर दोडक्याची भाजी, मग भाकरी. संध्याकाळी पदराऐवजी फ्रॉकचा ओचा करून त्यात काकड्या घेऊन यायची आणि प्रत्येकाच्या ताटात एक एक ठेवायची. आजीच्या ताटात सगळ्यात कोवळी, कारण आजीचे दात गेलेले. सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड कधी वळवलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. नवरा तिची मस्करी करायचा, "बागायतदारीण बाई, आमाला येक जादा मिळंल का?" ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "उद्या या." खोटं का बोलू, माझ्या आयुष्यातले चांगले महिने कोणते असं विचारलं तर मी ते सांगेन.

ठिपका हिरव्या पट्ट्यात गेला. मग मी गप्प बसणार होते थोडीच? माता-बैठकीला मी तिला मुद्दाम घेऊन गेले, सगळ्यांच्या मधे उभं केलं आणि तिच्याकडून काकडी खाऊन दाखवली. दरवेशी अस्वल नाचवतो तसं मी तिला नाचवलं. जी बाई मागून बोलली होती, तिच्याकडं मी मुद्दाम बघितलं. तिनं मान खाली घातली. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर पोरगी पहिलीत गेली. त्या वर्षी काकडीवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, फार पडला. सकाळी मी इंदापूरला बैठकीला निघाले होते. बैठक पोषणाचीच होती. पिशवीत कागद भरत होते, नवरा पंप पाठीला अडकवून दारात आला.

"घरच्या वळीला मावा लई पडलाय," तो म्हणाला. "पलॉटला मारतोच हाय, हितंबी हात फिरवू का? न्हायतर त्या वळीवरनं समद्याला लागंल."

"मारा की," मी म्हणाले. "मला इचारत काय बसलाय, माजी गाडी चुकंल."

"पोरीला सांग मग."

"सांगते."

पोरगी तेव्हा शाळेत गेलेली होती. संध्याकाळी आल्यावर सांगू, असं मी मनात धरलं. काठीची चिंधी तो सोडून टाकेल असं मला वाटलं. मी सोडेन असं त्याला वाटलं. सासूबाईंना तर कुणी काही विचारलंच नाही. चिंधी काठीला तशीच राहिली. आणि आणखी एक गोष्ट झाली, ती मला मागाहून कळली. प्लॉट संपवून घरच्या ओळीशी आला तेव्हा पंपात औषध बऱ्यापैकी उरलेलं होतं. उरलेलं फेकून द्यायचं हातून होत नाही, कुणाच्याच होत नाही. त्यानं ते सगळं त्या एका ओळीवर संपवलं. दोनदा फिरून संपवलं.

मी साडेपाचच्या सुमाराला परत आले. पोरगी दारातल्या ओट्यावर कुशीवर पडली होती. सासूबाई तिच्याशेजारी बसून पाठ चोळत होत्या. खाली उलटी झालेली. तोंडातून लाळ थांबत नव्हती, सगळं अंग घामानं भिजलेलं. मी पहिलं काय केलं असेल? ओरडले. सासूबाईंवर ओरडले. "पुड्याला पैसे तुमी दिलं आसंल. म्या किती येळा सांगितलं, त्या पुड्यात काय आसतंय काय न्हाय!" त्या बिचाऱ्या नुसत्या नाही नाही म्हणत मान हलवत राहिल्या. मग मी पोरीवर झुकले, "काय खाल्लंस? खरं सांग, मारत न्हाय."

ती म्हणाली, "पुडा न्हाय खाल्ला मम्मी. काकडी खाल्ली. आपल्या वळीची. तीन."

ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. हे मी लिहायचं टाळणार होते, पण हेच खरं आहे. क्षणभर मला हायसं वाटलं की पोरीनं काकडी खाल्ली, पुडा नाही. उन्हाचा त्रास असेल, लिंबूपाणी द्यावं, असं मी म्हणतही होते. तेवढ्यात नवरा गोठ्याकडून आला, त्यानं शेवटचे शब्द ऐकले असावेत. त्याच्या हातातली वैरण खाली पडली. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग मला सकाळ आठवली.

शेजारच्यांच्या गाडीतून आम्ही बारामतीला नेलं. ती माझ्या मांडीवर होती. जंक्शन गावाच्या पुढं तिचे हातपाय बारीक बारीक उडायला लागले. नवऱ्यानं औषधाची बाटली बरोबर घेतली होती. ते त्याला कसं सुचलं कुणास ठाऊक. ती त्यानं दोन्ही हातांत अशी धरली होती, जणू सांडली तर पोरगी जाईल. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बाटली वाचली आणि मग कुणीही आमच्याशी बोललं नाही, तिलाच घेऊन आत गेले. नाकातून नळी घालून पोट धुतलं. इंजेक्शनं किती दिली ते मला आठवत नाही. मी पॅसेजमधे बसून तिच्या फ्रॉककडं बघत होते. तो त्यांनी काढून माझ्याकडं दिला होता. पोटापाशी हिरवट डाग होते, काकडी पुसल्याचे.

नर्सनं विचारलं, "धुतली नव्हती का ताई?" मी फ्रॉकची घडी घातली, डाग आत जातील अशी. एरवी तोंड चालतं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, वाचेल. नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्यानं घड्याळ बघितलं.

"आज तोडा हाय," तो म्हणाला. "न्हाय तोडला तर माल जून व्हतोय. जाऊन येऊ का?"

काकडी थांबत नाही. एक दिवस वेलावर जास्त राहिली की पिवळी पडते, तिला कोणी विचारत नाही. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस माल तोडू नये. काल रात्री उशिरा ती अक्षरं डॉक्टरनं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली होती. प्लॉट कालच फवारला होता. घरच्या ओळीइतकं नाही, पण त्याच बाटलीतलं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. काचेपलीकडं पोरगी नळ्या लावून पडलेली होती.

मी म्हणाले, "जावा. येताना डबा घिऊन या."

मी त्याला दोष देत नाही. मी अडवलं असतं तर तो थांबला असता, तसाच माणूस आहे. मी अडवलं नाही.

पाचव्या दिवशी तिला घरी आणलं. आम्ही पोहोचायच्या आधीच सासूबाईंनी घरची ओळ मुळासकट उपटून टाकली होती, काठ्या, तार, सगळं. चिंधी चुलीत घातली होती. मी मऊ भात केला, वर तूप घातलं आणि घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड मिटलं. रडली नाही, रुसली नाही. म्हणाली, "आदी तू खा."

मला वाटलं लाड मागतेय. मी खाल्ला. दुसरा घास पुढं केला. तिनं हातानं मला थांबवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. ओठ हलत होते. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं, ती मोजत होती. शाळेत नुकतंच त्यांना शंभरपर्यंत शिकवलं होतं. शंभर झाले, मला उलटी झाली नाही, माझी लाळ गळली नाही, मग तिनं तोंड उघडलं.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. भात असो, भाकरी असो, भाजी असो. आधी मी, मग बाप, मग आजी. प्रत्येकाचं तोंड ती बघते. आजी खोकली तर पुन्हा पहिल्यापासून मोजते. म्हणून सासूबाई आता खोकला दाबून धरतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू, ओरडू नका. मी ओरडत नाही. पुडा मात्र ती न मोजता खाते, पण तो तिच्यासमोर फोडलेला हवा. आधी फोडलेला असेल तर बाजूला सारते. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

ज्या पंगतीसाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं, ती आता रोज न चुकता बसते. सात वाजले की कुणाला हाक मारावी लागत नाही. सगळे येतात, कारण एकजण जरी आला नाही तरी पोरगी उपाशी झोपते. सगळ्यांचं होतं, तिचं ताट निवलेलं असतं, मग ती खायला लागते. घरात आता शेवटी जेवणारी ती आहे. वजन पुन्हा उतरलं आहे. मी तिला अंगणवाडीच्या काट्यावर घरच्यासारखी कधीमधी उभी करते, तक्त्यात मांडत नाही.

अंगणवाडीत मी अजून बोलते. काम आहे ते माझं. पण हिरव्या भाज्यांपाशी आले की माझा आवाज लहान होतो, हे त्या बायकांच्याही ध्यानात आलं असेल. त्यांच्या प्रत्येकीच्या रानात एक अशी ओळ आहे. कोणाच्या चिंधी आहे, कोणाच्या झेंडूचं रोप आहे, कोणाची नुसती सवय आहे. झालेली गोष्ट सगळ्या वस्तीला माहीत आहे. मला वाटलं होतं, कुणीतरी त्यावरून मला ऐकवेल. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्या मागून बोलणाऱ्या बाईनं एकदा फक्त विचारलं, "बरी हाय का पोरगी?" मी हो म्हणाले. तिनं खाऊचा डबा उचलला आणि गेली.

परवाची गोष्ट. दोडक्याचा तोडा होता. पाऊस नव्हता म्हणून आम्ही बाहेर ओट्यावरच जेवायला बसलो होतो. समोर अंगणात भरलेले कॅरेट एकावर एक लावलेले. आमचे घास घेऊन झाले होते, पोरगी मोजत होती. मोजता मोजता तिची नजर कॅरेटवर गेली आणि ती थांबली.

"पप्पा, ही कुठं चाललीत?"

"पुण्याला," नवरा म्हणाला.

"तितं बारकी पोरं हायत?"

"हायत की. लई हायत."

तिनं परत माझ्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं पुन्हा मोजायला लागली. मग तिनं बापाला विचारलं, अगदी साधं, उद्या शाळा आहे का असं विचारावं तसं. "त्यांच्यात आदी कोण खातं?"

नवऱ्यानं ताटाकडं बघितलं. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या, जणू अंगणवाडीवाल्या बाईला हे माहीत असेल. पोरगी आमच्या तिघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत उत्तराची वाट बघत होती. रस्त्याला गाडीचा हॉर्न वाजला. नवरा हात धुऊन उठला आणि कॅरेटपाशी गेला. दोन-दोन एकदम उचलायचे तर दुसरी बाजू धरायला माणूस लागतो. ती मी रोज धरते. परवाही धरली.